रविवारची केस

शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात शिक्षक एक, खोली एक आणि वर्ग मात्र चारच्या चार. दुसरे शिक्षक धर्मराज गुरुजी तात्पुरत्या कामगिरीवर म्हणून पनवेलच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या पंख्याखाली असे काही रुजले, की त्यांना उपटून परत आणायची कुणाची छाती होत नव्हती. जाताना शाळेच्या एकुलत्या एक कपाटाची किल्लीही ते खिशात घालून गेले. कपाटात पृथ्वीचा गोल होता, महाराष्ट्राचा नकाशा होता, गोष्टींची पुस्तकं होती. कुमुद ऑफिसात गेली की किल्ली मागायची आणि गुरुजी म्हणायचे, "अहो बाई, चार्ज दिल्याशिवाय किल्ली कशी देऊ? आणि चार्ज द्यायला मला इथून सोडलं पाहिजे ना!" त्यामुळे ओवे गावाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या वाडीतली पोरं पृथ्वी गोल आहे ही गोष्ट निव्वळ बाईंच्या शब्दाखातर मान्य करत होती.

कुमुद पनवेलची. वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही, आणि नोकरीला इतकी वर्षं होऊनही चिडायची ताकद शिल्लक राहिलेली. रोज एसटीने फाट्यावर उतरायचं, न्हावा शेव्याच्या बंदराकडे धावणाऱ्या कंटेनरच्या रांगेतून जीव मुठीत धरून हायवे ओलांडायचा आणि धूळ खात वाडीपर्यंत चालायचं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शाळेत पोचल्यावर शिकवायला मिळत नाही याची. मतदारांच्या याद्या कोण करणार? बाई. गाई-म्हशी, शेळ्या कोण मोजणार? बाई. अल्पबचतीचं महत्त्व कोण पटवणार? तेही बाईच, आणि ते कुणाला, तर ज्यांच्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत त्यांना. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. आणि या सगळ्या घोड्यांच्या वर बसलेलं सगळ्यात मोठं घोडं म्हणजे केस.

केस म्हणजे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार झालेलं माणूस. मार्चअखेरच्या आत प्रत्येक शिक्षकाने केस आणायची, असा हुकूम होता. नर्सने आणायची, ग्रामसेवकाने आणायची, तलाठ्याने आणायची आणि पहिलीला बाराखडी शिकवणाऱ्या बाईनेही आणायची. सगळे मिळून त्याच चार झोपड्यांभोवती घिरट्या घालायचे. कुमुदने पहिल्यांदा वाडीत विषय काढला तेव्हा बाया पदर तोंडाला लावून खिदळल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली होती, "बाई, तुमी पैलं लगीन तरी करा, मंग आमाला सांगा!" त्यात खोटं काय होतं? कुमुदचे कान लाल झाले होते आणि ती मुकाट्याने शाळेत परतली होती.

हसण्यावारी गेलं असतं तरी चाललं असतं. पण पुढे पुढे बाप्ये तिला बघून करवंदीच्या जाळीत लपायला लागले. केसवाली बाई आली, म्हणायचे. आणि केसवाल्या बाईच्या शाळेत पोरं तरी कशी पाठवायची? काय सांगावं, पोराच्या मागून ती घरात शिरायची. पटावरची मुलं दिसेनाशी झाली. मग ऑफिसातून विचारणा आली की बाई, तुमची हजेरी का घसरली? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कुमुदने त्या रात्री आईला जेवताना सांगितलं, "मी एक दिवस त्या ऑफिसच्या पायरीवर उभी राहून किंचाळणार आहे बघ." आई म्हणाली, "आधी भात खा."

केस नाही आणली तर बदली, असं विस्तार अधिकाऱ्यांनी, म्हणजे शाळांवरच्या साहेबांनी, तोंडावर सांगितलं होतं. "पोलादपूरच्या पलीकडे टाकीन बाई, मग बसा डोंगर मोजत." डोंगरांची कुमुदला भीती नव्हती. पण ती गेली की ही शाळा कुणाच्या हवाली? धर्मराज गुरुजींच्या? आणि या वर्षी शाळा तिला सोडायची नव्हती, कारण या वर्षी चौथीत रूपा होती.

रूपा जैतूची थोरली. वाडीतली बरीच माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात, आणि त्यांच्याबरोबर पोरंही जातात. चौथी पुरी केलेली मुलगी त्या वाडीत अजून झालेली नव्हती. रूपा मात्र वाचायची. जे दिसेल ते वाचायची. हायवेवर उभी राहून ट्रकच्या मागचं वाचायची, वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून वाचायची, आणि अर्धी बातमी वाचून झाली की "बाई, पुडं काय झालं?" म्हणून कुमुदला भंडावून सोडायची. पुढचा कागद वाण्याने दुसऱ्या कुणाच्या तरी मिरच्यांना बांधलेला असायचा.

कुमुदने तिला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. पनवेलच्या मुलींच्या वसतिगृहातल्या बाईंशी ती बोलून आली होती. त्यांनी शब्द दिला होता की मुलीने स्कॉलरशिपला बरे मार्क मिळवले, तर पाचवीला जागा देते, राहणं-जेवण सगळं. मग कुमुद रूपाच्या बापाला गाठायला भट्टीवर गेली. जैतू चिखल तुडवत होता. तिला बघताच त्याने पळायची तयारी केली.

"अरे, केससाठी नाही आले!" कुमुद ओरडली. "पोरीच्या परीक्षेसाठी आलेय!"

जैतूने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, मी बी भट्टी या टायमाला जवलची धरलीय, तिची शाला नको बुडायला म्हनून," तो म्हणाला. "पन पाचवीला तिला शेरात कशी ठेवू? तुमी म्हंता परीक्षा, तं परीक्षा. पास झाली तं तुमची पोरगी, न्या शिकवाया. नाय झाली तं माझी. मंग भट्टीवर माझ्या हाताखाली. परत इचारायचं नाय."

"कबूल," कुमुद म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

त्या दिवसापासून कुमुद बाकीच्या तिन्ही वर्गांना पाढे लिहायला बसवून रूपाला घेऊन बसायची. रूपाच्या मांडीवर दिपा असायची, तिची आठ महिन्यांची बहीण. हे त्या शाळेत नवीन नव्हतं. घरी तान्हं पोर सांभाळायला कुणी नाही म्हणून मोठ्या बहिणींची शाळा सुटायची. तेव्हा कुमुदनेच घरोघर सांगितलं होतं की पोर घेऊन या, पण या. त्यामुळे वर्गात दोन-तीन तान्ही कायम असत. एका हाताने पोर थोपटत दुसऱ्या हाताने बेरीज करणाऱ्या मुली बघून तपासणीला आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं होतं. पण मुली येत होत्या, आणि कुमुदला तेवढं पुरे होतं.

परीक्षेचं पुस्तक मात्र कुणा बंगलेवाल्याने लिहिलं असावं. ‘गटात न बसणारा शब्द ओळखा : सोफा, खुर्ची, कपाट, बदक.’ रूपाला बदक ठाऊक होतं आणि खुर्ची ठाऊक होती. "बाई, सोफा काय खातो?" तिने विचारलं. कुमुदला हसावं की रडावं कळेना. मग तिने फळ्यावर सोफा काढला, फ्रीज काढला, लिफ्ट काढली. आणि पोरगी भराभर उचलत गेली. जानेवारी संपता संपता रूपा जुन्या प्रश्नपत्रिका अशा सोडवायला लागली, की कुमुदला घरी जाताना एसटीत उभ्याने गाणं गुणगुणावंसं वाटायचं.

केसचं घोडं डोक्यावर होतंच. एक दिवस संध्याकाळी ती रूपाला सोडायला भट्टीवर गेली. सकाळीच साहेबांची बोलणी खाल्ली होती, तेव्हा चेहरा लपत नव्हता. रूपाची आई हौसा चुलीपाशी बसली होती. तिने कुमुदला बसायला गोणपाट दिलं, कोरा चहा दिला आणि थेट विचारलं, "बाई, तोंड का असं?" आणि कुमुदने सांगून टाकलं. बदलीचं, केसचं, सगळं. सांगायला नको होतं, हे तिला नंतर फार वाटलं. पण त्या वेळी तिला कुणीतरी विचारलं होतं, आणि ती दमली होती.

हौसाने चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाली, "मी येते ना. तीन झाली, मला बी आता पुरं. आमचा मानूस नाय बोलायचा. तुमी आमच्या पोरीसाटी एवढं करता. मीच तुमची केस."

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, सुटले. रूपाची परीक्षा होईल, बदली टळेल, शाळा राहील. एकाच घराने आपल्याला दोन्हीकडून तारलं. एकाच घरावर आपण दोन्ही ओझी टाकली, असं मात्र तिच्या मनातही आलं नाही.

मग शिबिराची तारीख आली. रविवार. आणि स्कॉलरशिपची परीक्षाही त्याच रविवारी.

कुमुद धावत ऑफिसात गेली. "साहेब, त्या दिवशी माझी मुलगी स्कॉलरशिपला आहे. मला दुसरी तारीख द्या."

"सर्जन काय तुमच्या घरचे आहेत?" साहेब म्हणाले. "ते अलिबागहून येणार, त्यांना रविवारच आहे. अहो, पेपर अकराला, शिबिर सकाळी. केस दवाखान्यात बसवा, मुलगी परीक्षेत बसवा. त्यात काय? नियोजन करा बाई, नियोजन! तुम्ही शिक्षक लोक नियोजनातच कमी पडता." शेजारच्या टेबलावर धर्मराज गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावरच पडलेला होता.

कुमुदने नियोजन केलं. जैतूची बहीण भागी दिवसभर दिपाला सांभाळेल असं ठरलं. हौसाला दवाखान्यात सोडायचं, रूपाला परीक्षेला न्यायचं, मधल्या वेळात दवाखान्यात चक्कर मारायची. सगळं चोख बसलं होतं.

रविवारी सकाळी फाट्यावर हौसा उभी होती. रूपाने डोक्याला तेल चोपडलं होतं, लाल रिबिनी बांधल्या होत्या, बगलेत पुठ्ठा होता आणि कडेवर दिपा.

"हिला कशाला आणलंत?" कुमुदने विचारलं. "भागी कुठाय?"

"भट्टी लावली ना आज," हौसा म्हणाली. "शेठनी मुहूर्त आजचाच काढला. आज कोनाला हलता येत नाय, बाप्या नाय, बाई नाय. भागी कशी येल?"

भट्टी लावायची म्हणजे रचलेल्या विटांना आग द्यायची. नारळ फुटला की मग आगीवरून कुणी उठत नाही, एकदा विस्कटली तर सगळ्या विटा कच्च्या. हौसालाच शेठने मोठ्या नाखुशीने सोडलं होतं.

"मग दिपाला कोण धरणार?"

"रूपा धरंल की."

"अहो, रूपाचा पेपर आहे!"

"पेपर बसूनच लिवायचा ना?" हौसाने शांतपणे विचारलं. "मांडीव घेल. तुमच्या शालेत घेते तशी."

हौसाचं काय चुकलं होतं? तिने जन्मात जी एक शाळा पाहिली होती, तिच्यात मुली पोर मांडीवर घेऊनच शिकत होत्या. आणि ती रीत कुणी पाडली होती?

सहा आसनी रिक्षात कोंबून घेत ती तिघींना घेऊन पनवेलला आली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बायांची रांग होती, सगळ्या उपाशीपोटी आणि घाबरलेल्या. सर्जनचा पत्ता नव्हता. हौसाने एका कोपऱ्यात बसून दिपाला शेवटचं पाजून घेतलं. तिथे ग्रामसेवक सुदामराव आधीच हजर होते, ताज्या दाढीचे, पान खाल्लेले.

"अरे वा, बाई! आमच्या गावची केस घेऊन आलात," ते हसत म्हणाले.

"आमच्या गावची नाही. माझी केस," कुमुद म्हणाली.

नर्सबाईने मान वर न करता विचारलं, "केससोबत कोण? आणणाऱ्याने ऑपरेशन होईपर्यंत इथेच थांबायचं. नाव त्याचंच लागेल."

कुमुदने घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते. रूपा तिच्या पदराला धरून उभी होती आणि एकटीने त्या शहरात चार पावलंही टाकली नसती. सुदामराव म्हणाले, "तुम्ही जा ना बाई. मी आहे थांबायला. काळजी कशाला करता?" काळजी कशाची करायची ते तिला पक्कं कळलं. केस गेली. पोलादपूर डोळ्यांसमोर उभं राहिलं. तिने एकदा हौसाकडे पाहिलं. हौसा म्हणाली, "जा तुमी. पोरीचा टाईम होतोय." कुमुदने दिपाला उचललं, रूपाचा हात धरला आणि ती निघाली. निदान एक तरी गोष्ट आज नीट होऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

परीक्षेचं केंद्र एका मोठ्या हायस्कुलात होतं. आवारात आया होत्या, वडील होते, थर्मास होते, कुणी शेवटच्या क्षणी पोराला पाढे म्हणायला लावत होतं. दारावरच्या मास्तरांनी दिपाकडे बोट दाखवलं. "हे काय? मूल आत नाही."

"मी बाहेर धरते," कुमुद म्हणाली. रूपाने एकदा दिपाकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. "बाई, ती रडली तं मला हाक मारा." "ती नाही रडत. तू पेपर लिही," कुमुदने सांगितलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून आत ढकललं.

पहिला पेपर भाषेचा. पोट भरलेलं होतं, म्हणून दिपा झोपून राहिली. मधल्या सुट्टीत रूपा उड्या मारत बाहेर आली. "बाई, सोपा व्हता! उतारा व्हता हत्तीचा. सगला लिवला." तिने दिपाचा मुका घेतला, कुमुदने आणलेली पोळीभाजी खाल्ली, आणि कुमुदला वाटलं, या पोरीचं होणार. बुद्धिमत्ता आणि गणित एकत्रच होतं दुसऱ्या पेपरला, आणि तेच तर तिचं खरं बळ.

दुसरा पेपर सुरू झाला. शिपायाने आवाराच्या फाटकाला कुलूप घातलं. आणि दिपा जागी झाली.

आधी ती कुरकुरली. कुमुदने तिला हलवलं. मग ती रडायला लागली. कुमुदने बिस्किट पाण्यात भिजवून दिलं, ते तिने थुंकून टाकलं. मग तिने असा टाहो फोडला की आवाराच्या चारी भिंती घुमायला लागल्या. कुमुद फाटकाकडे धावली. "दादा, दार उघडा, मी हिला रस्त्यावर नेते."

"पेपर सुटेपर्यंत फाटक उघडायचं नाही," शिपाई म्हणाला. "कॉप्या जातात बाहेरून. ऑर्डर आहे."

"अहो, मी आत येणार नाही, बाहेर जाणार आहे!"

"एकदा उघडलं की सगळेच जाणार."

"हे मूल रडतंय, आत पोरं पेपर लिहितायत!"

"मग गप्प करा ना त्याला," शिपाई म्हणाला.

गप्प करा! कुमुदला मुलांना गप्प बसवता येत होतं, चाळीस मुलांना एका नजरेत. पण तान्हं पोर तिने कधी तासभर सलग हाताळलेलं नव्हतं. तिने दिपाला या हातावरून त्या हातावर घेतलं, आभाळातला कावळा दाखवला, बडबडगीत म्हटलं. एका वर्गाच्या खिडकीतून कुणी डाफरलं, "अहो, ते मूल कुणाचं आहे? जरा अक्कल आहे की नाही!" दिपा लालबुंद झाली होती, तिचा श्वास अडकत होता. कुमुद घामाघूम होऊन आवाराच्या पार मागच्या टोकाला गेली, पण आवाज काही तिच्या मुठीत मावत नव्हता.

"बाई."

मागे रूपा उभी होती. हातात पेन्सिल होती.

"तू? तू बाहेर कशाला आलीस? रूपा, पेपर?"

"तुमाला येत नाय," रूपा म्हणाली. तिने दिपाला घेतलं, खांद्यावर उपडी टाकली आणि पाठीवर खालून वर हात फिरवला. दिपाने एक हुंदका दिला, एक ढेकर दिला आणि ती गप्प झाली. "अशी घ्यायची. आता झोपंल. धरा, मी जाते."

पण व्हरांड्यात पर्यवेक्षक मास्तर उभे होते आणि त्यांच्या हातात रूपाची उत्तरपत्रिका होती. पहिल्या पानाच्या पुढे ती कोरी होती.

"वर्गातून उठली ना ती? आता आत नाही घेता येत."

"सर, मूल रडत होतं. तिला वाटलं... ती लहान आहे. तिला माहीत नव्हतं."

"बाई, मला कळतंय हो. मीही मास्तरच आहे. पण उद्या कुणी तक्रार केली तर माझ्यावर येतं. नियम आहे." ते खरोखर ओशाळले होते. "सातवीला असते ना परत स्कॉलरशिप. तेव्हा बसवा."

"सातवीला पोचायचं कसं तिने?" कुमुद ओरडली. "पाचवीलाच जात नाही ती! तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय?"

मास्तरांना कळत नव्हतं. ते आत निघून गेले. रूपा दिपाला धरून खांबाला टेकून उभी राहिली. तिने एकदाच विचारलं, "बाई, भाषेचा चांगला गेला, तं तेवढ्याव पास करतील का?" कुमुदला त्या शिपायाचा राग आला होता, मास्तरांचा आला होता, साहेबांचा, गुरुजींच्या किल्लीचा, भट्टीच्या मुहूर्ताचा. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की वाडीत एवढी घरं असताना केस म्हणून आपण याच घरातली बाई उचलली.

दवाखान्यात परत आल्या तेव्हा ऑपरेशनं आटोपली होती. व्हरांड्यात सतरंज्यांवर बाया ओळीने निजवलेल्या होत्या. हौसाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती जागी होती. दिपाला बघून तिने हात पुढे केला आणि मग रूपाकडे पाहिलं.

"झाला का गं पेपर?"

रूपाने बाईंकडे पाहिलं नाही. "झाला," ती म्हणाली.

कुमुदने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बुटांचा आवाज आला. साहेब शिबिराची पाहणी करायला आले होते, मागे सुदामराव पडलेल्या चेहऱ्याने.

"बाई, कुठे होतात? तुमच्या केसवर हे डल्ला मारत होते," साहेब मोकळेपणाने हसले. "पण ही बाई भारी खमकी निघाली. म्हणाली, शाळेच्या बाईंचं नाव लावा, नाहीतर मी चालले घरी. लावलं तुमचंच नाव! काम झालं तुमचं. आता बदलीबिदली काही नाही. मी म्हटलं नव्हतं, नियोजन केलं की सगळं होतं?"

"साहेब, मला नको ही केस," कुमुद म्हणाली. "कुणाच्याही नावावर लावा. माझी मुलगी तेवढी..."

"कुठली मुलगी?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

साहेब विचारतायत म्हटल्यावर रूपा ताडकन सरळ उभी राहिली. तपासणीच्या दिवशी उभं राहायचं तशी, दोन्ही हात बाजूला घेऊन, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नमस्ते साहेब! माझे नाव रूपा जैतू. मी इयत्ता चौथीत शिकते."

"अरे वा!" साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी तिच्या गालावर हलकेच चापटी मारली. "काय चुणचुणीत पोर आहे. काय बाई, अशा मुलीला स्कॉलरशिपला बसवायचं सोडून तुम्ही करता काय?"

पण कुमुदच्या आधी खालून, सतरंजीवरून हौसा बोलली. तिला धड मान उचलता येत नव्हती, पण आवाजात अशी ऐट होती, की शेजारच्या बायांनीही वळून पाहिलं.

"बसलीय वो सायेब. आजच बसली. आमच्या बाईनीच बसवली," हौसा म्हणाली. "पास व्हनार हाय ती. इचारा बाईना."

साहेब कुमुदकडे वळले. हौसाही बघत होती. रूपा मात्र खाली मान घालून दिपाच्या झबल्याचा बंद पुन्हा पुन्हा बांधत होती. कुमुदने वाकून हौसाचा पदर सारखा केला, तेव्हा "छान, छान," म्हणत साहेब पुढच्या बाईकडे गेले.